‘कन्सल्टेशन’ आणि ‘कन्करन्स’ : शेवटचा शब्द कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते पेशाने वकील होते आणि वृत्तीने शिक्षक. कायद्यातला शब्द सैल हाताने वाचू नये असा त्यांचा आग्रह असे, हे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींकडून मी ऐकत आलो आहे. म्हणून त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर मी फक्त दोन शब्द घेऊन उभा आहे. दोन्ही शब्द इंग्रजी आहेत. एक ‘कन्सल्टेशन’ आणि दुसरा ‘कन्करन्स’.

कोशात पाहायला गेले तर यात अवघड काही नाही. कन्सल्टेशन म्हणजे विचारविनिमय, सल्लामसलत. कन्करन्स म्हणजे सहमती. तरीही १९७७, १९८१, १९९३, १९९८ आणि २०१५ अशा पाच वेळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाला या दोहोंमधले अंतर मोजत बसावे लागले. त्यांपैकी दोनदा तर नऊ-नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. संसदेने घटनादुरुस्ती केली आणि न्यायालयाने ती रद्द ठरवली. या साऱ्याच्या तळाशी प्रश्न एकच होता. न्यायाधीश नेमताना राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार, सरन्यायाधीशांना विचारते. त्या विचारण्याला मिळालेले उत्तर सरकारवर बंधनकारक असते की नसते?

न्यायालय आणि सरकार यांच्या भांडणाची बातमी आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. कोणता न्यायाधीश कोणाचा, या चर्चेत मी आज शिरणार नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच की विचारणे आणि मान्यता घेणे यांच्यामधल्या जागेत सत्ता कशी इकडून तिकडे सरकते, आणि ‘विचारणे’ या क्रियेला स्वतःचे असे काही वजन असते की नाही.

आधी रोजच्या व्यवहारात पाहू. घरात लग्न ठरवताना आत्याला विचारतात, मामाला विचारतात. मामाने नाक मुरडले तर त्याची समजूत काढता येते, नाही निघाली तर त्याच्या रुसव्यासकट लग्न लागते. पण मुलगी नाही म्हणाली तर लग्न होत नाही, होऊ नये. मामाशी होते ते कन्सल्टेशन. मुलीचा लागतो तो कन्करन्स.

इंग्रजीतली या क्रियापदांची ठेवणही हेच सांगते. ‘कन्सल्ट’ करणारा माणूस प्रश्न घेऊन जातो. रोगी डॉक्टरला कन्सल्ट करतो, वाचक कोशाला, प्रवासी नकाशाला. ज्याच्यापाशी जायचे त्याच्याकडे आपल्यापेक्षा अधिक माहिती आहे, हे गृहीतच असते. पण औषध घ्यायचे की नाही हे शेवटी रोगीच ठरवतो. ‘कन्कर’ हे क्रियापद उलट बाजूचे. त्याच्या लॅटिन मुळात एकत्र धावण्याची कल्पना आहे. एखाद्या निकालपत्राशी दुसरे न्यायमूर्ती सहमत झाले की ते कन्कर करतात. म्हणजे कन्सल्ट ही विचारणाऱ्याची क्रिया आणि कन्कर ही उत्तर देणाऱ्याची. घटनेत पहिला शब्द लिहिला तर वाक्याचे कर्ते राष्ट्रपती होतात आणि दुसरा लिहिला तर सरन्यायाधीश. शब्द बदलला की कर्ता बदलतो, आणि राज्यघटनेत कर्ता बदलणे म्हणजे सत्ता बदलणे.

घटनाकारांनी कोणता शब्द निवडला? अनुच्छेद १२४ मध्ये कन्सल्टेशन आहे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्रपती नेमतील, पण सरन्यायाधीशाखेरीज अन्य न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांना नेहमीच कन्सल्ट केले जाईल, अशी तिथली तरतूद आहे. उच्च न्यायालयांसाठी अनुच्छेद २१७ मध्ये सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अशा तिघांशी विचारविनिमय सांगितला आहे. अनुच्छेद २२२ मध्ये बदलीसाठीही तोच शब्द. १९३५ च्या कायद्याखाली नेमणूक ब्रिटिश राजाच्या हाती होती आणि त्याने कोणाला विचारलेच पाहिजे असे बंधन नव्हते. त्या मानाने ‘विचारलेच पाहिजे’ हे मोठे पाऊल होते.

हा शब्द अनवधानाने पडलेला नाही. मार्च १९४८ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती आणि उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या परिषदेने नेमणुकांसाठी सरन्यायाधीशांचा कन्करन्स असावा अशी सूचना केली होती. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत हा विषय निघाला तेव्हा मद्रासचे बी. पोकर यांनी तशी दुरुस्तीच मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. इंग्लंडमध्ये नेमणूक पूर्णपणे राजसत्तेच्या हाती आहे, अमेरिकेत सिनेटची संमती लागते. पहिल्या पद्धतीत सरकार मोकाट सुटण्याचा धोका, दुसरीत नेमणुका राजकारणात ओढल्या जाण्याचा. म्हणून आपण मधला मार्ग घेत आहोत. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी ते माणूसच आहेत, त्यांनाही माणसाचे दोष, भावना आणि पूर्वग्रह असतात. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला द्यायला तयार नाही तो एका व्यक्तीच्या हाती देणे धोक्याचे आहे.

घटनाकारांना हे दोन शब्द वेगळे आहेत हे माहीत होते, याचे पुरावे घटनेतच जागोजाग आहेत. सर्वोच्च न्यायालयात तात्पुरते न्यायाधीश घेण्याविषयीचा अनुच्छेद १२७ पाहा. तिथे सरन्यायाधीशांना राष्ट्रपतींची पूर्वसंमती लागते आणि संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय लागतो. एकाच वाक्यात दोन पायऱ्या. सर्वांत ठळक उदाहरण अनुच्छेद ३७० चे. जम्मू-काश्मीरच्या सामीलनाम्यातल्या विषयांशी जुळणारे कायदे लागू करण्यासाठी राज्य सरकारशी कन्सल्टेशन पुरे होते, त्यापलीकडच्या विषयांसाठी राज्य सरकारचा कन्करन्स हवा होता. हे दोन शब्द शेजारच्या उपकलमांत मुद्दाम निराळे ठेवले होते. ज्या मसुदाकारांना इतका फरक कळत होता त्यांनी १२४ मध्ये कन्सल्टेशन लिहिले ते कन्करन्स म्हणायचे राहून गेले म्हणून, असे मानणे कठीण आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही, कारण कन्सल्टेशनचा अर्थ कन्करन्स नाही एवढ्याने कन्सल्टेशनचा अर्थ काय हे ठरत नाही. छत कुठे आहे हे कळले, तरी जमीन कुठे आहे हा प्रश्न उरतो. लोकसेवा आयोगाविषयीच्या अनुच्छेद ३२० मध्येही आयोगाला कन्सल्ट केले जाईल असे शब्द आहेत. १९५७ मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही तरतूद निर्देशात्मक आहे. आयोगाला विचारले नाही म्हणून कर्मचाऱ्याविरुद्धची कारवाई रद्द होत नाही. म्हणजे तोच शब्द त्याच घटनेत इतका खाली उतरू शकतो की विचारले काय आणि न विचारले काय, सारखेच.

दुसऱ्या बाजूला हा शब्द भरीव करणारी परंपराही होती. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर नवी शहरे वसवण्याचा कायदा झाला. लंडनच्या दक्षिणेला क्रॉली इथल्या नव्या शहराच्या वादात तिथल्या न्यायालयाने म्हटले की स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करायचा म्हणजे त्यांना सल्ला देता येईल इतकी माहिती पुरवली पाहिजे आणि तो देण्याची खरीखुरी संधीही दिली पाहिजे. आपल्याकडे पुढे सरन्यायाधीश झालेले के. सुब्बाराव यांनी मद्रास उच्च न्यायालयात असताना विचारविनिमय म्हणजे दोन मनांनी एखाद्या विषयावर एकत्र येऊन एकमेकांवर परिणाम करणे, अशा आशयाची व्याख्या केली. नुसते पत्र पाठवून पोच घेणे हा विचारविनिमय नव्हे, हा त्याचा अर्थ.

प्रत्यक्ष कारभारात सुरुवातीला या प्रश्नाची धार जाणवली नाही. पण मुंबईचे मोतीलाल सेटलवाड अध्यक्ष असलेल्या विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात उच्च न्यायालयांतल्या नेमणुकांवर राजकीय, प्रादेशिक आणि जातीय विचारांची छाया पडत असल्याची तक्रार नोंदवली आणि त्या नेमणुकांना सरन्यायाधीशांचा कन्करन्स असावा अशी शिफारस केली. १९४९ मध्ये नाकारलेला शब्द नऊ वर्षांत परत दारात उभा राहिला.

तो घरात शिरला तो सत्तरच्या दशकातल्या भीतीमुळे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगेच शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केले गेले. १९७६ मध्ये, आणीबाणीत, उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. १९७७ च्या जानेवारीत एच. आर. खन्ना यांनाही सरन्यायाधीशपदासाठी डावलण्यात आले. सरकारला कागदावर विचारण्याचे बंधन आहे, पण विचारून झाल्यावर ते काहीही करू शकते, ही जाणीव न्यायसंस्थेच्या मनात तेव्हा खोल रुतली.

बदली झालेल्यांपैकी गुजरात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांनी बदलीला आव्हान दिले. त्यांना आंध्र प्रदेशात पाठवण्यात आले होते. सप्टेंबर १९७७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र पुण्यात जन्मलेल्या न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांचे होते. त्यांच्या मते राष्ट्रपतींनी आपल्यापुढची सर्व माहिती सरन्यायाधीशांपुढे ठेवली पाहिजे. सरन्यायाधीशांनीही हवी ती माहिती मागवून, विचार करून मत दिले पाहिजे. हा विचारविनिमय पूर्ण आणि परिणामकारक असला पाहिजे. मात्र विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे आणि सरन्यायाधीशांचे मत सरकारवर बंधनकारक नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात एक धार घातली. सरकारने ते मत झुगारले तर त्याला सबळ कारणे द्यावी लागतील, नाहीतर निर्णय मनमानी ठरू शकेल. याच कृष्ण अय्यरांनी १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात अशा नाजूक विषयात शेवटचा शब्द व्यवहारात सरन्यायाधीशांचाच असावा असे लिहिले होते. १९७७ मध्ये ते त्या टोकाला गेले नाहीत. माझ्या मते या दोन शब्दांमधली सर्वांत नेमकी रेघ १९७७ मध्येच ओढली गेली.

ती रेघ चार वर्षांत पुसट झाली. मार्च १९८१ मध्ये कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात जाण्यास संमती मागणारे परिपत्रक काढले. त्याविरुद्ध मुंबईतून इक्बाल छागला यांच्यासह वकील मंडळी न्यायालयात गेली. सासवडला जन्मलेले आणि कधीकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेले वि. म. तारकुंडे हेही अर्जदारांत होते. तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूडच होते, म्हणजे ज्यांनी कन्सल्टेशनचा अर्थ लावला त्यांच्याशीच सरकारने केलेल्या कन्सल्टेशनचा हा वाद होता. ३० डिसेंबर १९८१ रोजी सात न्यायमूर्तींनी या वादाचा, म्हणजे एस. पी. गुप्ता खटल्याचा, निकाल दिला. बहुमताने सांगितले की सरन्यायाधीश, राज्यपाल आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती या तिघांची मते समान पातळीवरची आहेत आणि अंतिम निर्णय केंद्र सरकारचा आहे.

या निकालाला अनेकजण न्यायसंस्थेचा पराभव मानतात. पण त्यातच एक मोठी गोष्ट घडली. सरकारने नेमणुकांचा पत्रव्यवहार गोपनीय असल्याचा दावा केला होता. न्यायालयाने तो फेटाळून कागद उघड करायला लावले. तेव्हा कळले की दिल्ली उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी एका अतिरिक्त न्यायाधीशाविषयी कायदामंत्र्यांना लिहिलेला मजकूर सरन्यायाधीशांपुढे पूर्णपणे ठेवलाच गेला नव्हता. काही न्यायमूर्तींनी हा विचारविनिमय अपुरा ठरवला, बहुमताने तो पुरेसा मानला. विचारले होते, पण ज्यावर मत द्यायचे तेच दाखवले नव्हते. असल्या विचारण्याला बहुमताने विचारविनिमय म्हटले. माझ्या समजुतीने १९८१ ची खरी चूक इथे आहे. सरकारला शेवटचा शब्द दिला हे घटनेच्या मजकुरात बसते. विचारण्याची किंमत इतकी उतरू दिली, हे बसत नाही.

याची प्रतिक्रिया उलट्या टोकाला गेली. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने १९८१ चा निकाल उलटवला. बहुमताचे मुख्य निकालपत्र न्या. जे. एस. वर्मा यांनी लिहिले. न्या. अहमदी आणि न्या. पुंछी यांनी विरोधी मत दिले. वर्मांचा युक्तिवाद असा. सरकार हा देशातला सर्वांत मोठा पक्षकार आहे. न्यायालयाचे स्वातंत्र्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. उमेदवाराची लायकी सरन्यायाधीशांना सर्वांत चांगली कळते. म्हणून नेमणुकीत त्यांच्या मताला प्राथम्य आहे आणि त्यांच्या मताविरुद्ध नेमणूक होणार नाही. शब्द कन्सल्टेशनच राहिला, पण त्याच्या आत कन्करन्स भरला गेला. आंबेडकरांनी एका माणसाच्या हाती नकाराधिकार देण्याचा धोका दाखवला होता. त्याला न्यायालयाने उत्तर काढले की हे मत सरन्यायाधीशांचे एकट्याचे नसेल, ते दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांशी बोलून बनवतील. ‘कॉलेजियम’ म्हणून आपण जी व्यवस्था ओळखतो ती इथे जन्मली. हा शब्द घटनेत कुठेही नाही.

पाच वर्षांनी सरन्यायाधीशांच्या काही शिफारशींवरून पेच पडला आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाला प्रश्न विचारले. या अनुच्छेदाच्या शीर्षकातही राष्ट्रपतींचा सर्वोच्च न्यायालयाला कन्सल्ट करण्याचा अधिकार असेच म्हटले आहे. कन्सल्टेशनचा अर्थ काय, हे कन्सल्ट करूनच विचारले गेले. अशा सल्ल्याचे उत्तर बंधनकारक नसते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इथे मात्र सरकारने ॲटर्नी जनरलमार्फत आधीच सांगून टाकले की येणारे उत्तर आम्ही बंधनकारक मानू. २८ ऑक्टोबर १९९८ च्या उत्तरात न्या. भरुचा यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती असे मंडळ ठरवले आणि मते लेखी असावीत असे सांगितले. सरन्यायाधीशांचे एकट्याचे मत हे घटनेला अभिप्रेत असलेले कन्सल्टेशन नव्हे, असेही म्हटले. सरकारला बांधायला वापरलेला शब्द आता सरन्यायाधीशांनाही बांधू लागला.

संसदेने २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती केली. कन्सल्टेशनच्या जागी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाची शिफारस आली. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन प्रतिष्ठित व्यक्ती असा सहा जणांचा आयोग होता. त्यातल्या कोणाही दोघांच्या नकाराने शिफारस अडू शकत होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ही दुरुस्ती रद्द केली. न्या. चेलमेश्वर यांचे मत वेगळे होते. कन्सल्टेशनचा १९९३ चा अर्थ परत आला आणि आजवर तोच चालू आहे.

श्रोतेहो, हा एका न्यायालयापुरता वाद नाही. २०१३ च्या जानेवारीत एक विलक्षण योग जुळला. गुजरातच्या लोकायुक्त कायद्यात उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी कन्सल्टेशन सांगितले होते. २ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुख्य न्यायमूर्तींच्या मताला प्राथम्य दिले. कर्नाटकच्या कायद्यातही उपलोकायुक्तांसाठी कन्सल्टेशन होते. ११ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने सांगितले की इथे मुख्य न्यायमूर्तींच्या मताला प्राथम्य नाही, पण त्यांना विचारलेच नसल्यामुळे नेमणूक रद्द. नऊ दिवसांत एकाच शब्दाचे दोन अर्थ. दोन्ही पीठांनी आपापल्या कायद्याच्या हेतूकडे बोट दाखवले, आणि ते चूक नव्हते. पण मग अर्थ शब्दात आहे की वाचणाऱ्याच्या भीतीत, असा प्रश्न सामान्य माणसाने विचारला तर त्याला काय सांगायचे?

अनुच्छेद ३७० मधल्या कन्करन्सचे पुढे काय झाले तेही पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये राष्ट्रपती राजवट होती. राज्याची सहमती म्हणून जी दाखवली गेली ती लोकांनी निवडलेल्या सरकारची नव्हती. ११ डिसेंबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की संपूर्ण घटना त्या राज्याला लागू करण्यासाठी राज्य सरकारच्या कन्करन्सची गरजच नव्हती. मुख्य निकालपत्र तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे १९७७ चा निकाल लिहिणाऱ्यांच्या चिरंजीवांचे. अनुच्छेद १२४ मध्ये कन्सल्टेशन वाढवून कन्करन्सच्या जागी बसवले गेले. ३७० मध्ये कन्करन्स होता, तोही गरजेचा उरला नाही. शब्द कोणत्या बाजूने ताणला जाईल हे शब्दकोश ठरवत नाही, हे यातून दिसते.

आता या दोन शब्दांना जमिनीवर आणू. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेला किंवा योग्य त्या स्तरावरच्या पंचायतीला विचारले पाहिजे असे आहे. शब्द कन्सल्टचाच. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्र तेरा जिल्ह्यांत आहे. गडचिरोली, नंदुरबार, पालघर, नाशिक इथल्या ग्रामसभांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे, आणि ‘आमचं मत विचारलं, पण आमचं ऐकलं नाही’ ही तक्रारही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती आली. त्याच वर्षी ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बारा ग्रामसभांनी एकमुखाने नकार दिला. सतरा वर्षांत कायदा विचारण्यापासून संमतीपर्यंत का सरकला? कारण विचारण्याची इतकी थट्टा झाली होती की लोकांना नकाराधिकारावाचून दुसरे काही सुरक्षित वाटेना. न्यायमूर्तींचे १९९३ मध्ये झाले तेच इथे झाले. विचारणे पोकळ झाले की प्रत्येकजण नकाराचा हक्क मागतो.

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. सगळीकडे कन्करन्स लावून राज्य चालत नाही. प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार दिला तर निर्णय होत नाहीत. आणि ज्याच्या एकट्याच्या हाती तो जातो, मग ते सरकार असो की न्यायमूर्तींचे मंडळ, त्याला कारणे सांगायची सवय राहत नाही. आंबेडकरांचा मधला मार्ग आजही बरोबर आहे, पण तो मार्ग चालण्याजोगा ठेवला तर. त्यासाठी कन्सल्टेशनला स्वतःचे वजन असले पाहिजे. ते वजन कसे मोजायचे याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका शाळांच्या वादात मिळते. लंडनमधल्या ब्रेंट इथल्या पालिकेने शाळा बंद करण्याचा घाट घातला तेव्हा १९८५ च्या खटल्यात चार कसोट्या पुढे आल्या. पहिली, प्रस्ताव कच्चा असतानाच विचारले पाहिजे. दुसरी, मत बनवता येईल इतकी माहिती आणि कारणे दिली पाहिजेत. तिसरी, विचार करायला पुरेसा वेळ दिला पाहिजे. चौथी, आलेली मते अंतिम निर्णयाआधी प्रामाणिकपणे लक्षात घेतली पाहिजेत. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कसोट्यांवर शिक्कामोर्तब केले. त्यात नकाराधिकार कुठेही नाही, तरीही हे चारही टप्पे पाळल्यावर मनमानीला फारशी जागा उरत नाही. आपल्या १९७७ च्या निकालात यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या कसोटीचे बीज होतेच.

न्यायाधीशांच्या नेमणुकांतही हेच लावता येईल. सरकारने एखाद्या नावावर आक्षेप घेतला तर कारण लेखी असावे. मंडळाने ते नाव पुन्हा पाठवले तर तेही कारणांसह असावे. दोन्ही कागद योग्य वेळी लोकांपुढे यावेत. मग शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नाची धार आपोआप कमी होईल. कारणे लपवून ठेवण्यात आज दोन्ही बाजू सारख्याच सोयीने वागतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि शेवटी तुम्हाआम्हांविषयी. आपल्यापैकी कोणी राष्ट्रपती नाही की सरन्यायाधीश नाही. पण कन्सल्टेशनचा कागद आपल्याही दारी येतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. गावात ग्रामसभेची नोटीस लागते. शाळेत व्यवस्थापन समितीपुढे ठराव येतो. तिथे सही करण्यापूर्वी एवढे विचारा. नकाशा आणि कागदपत्रे पूर्ण दाखवली का? अभ्यासाला वेळ दिला का? निर्णय अजून व्हायचा आहे ना? आणि आमची हरकत फेटाळली तर का फेटाळली, हे लिहून मिळेल का? या चारांतल्या एकाचेही उत्तर नाही असे आले, तर आपल्याला विचारलेले नाही, नुसते कळवले आहे. तसे त्या कागदावरच लिहा, आणि मग सही करा.